धुकं आणि खंड्या

शिरूर, रविवार सकाळ

प्रिय मर्सी,

फोनवरचं आपलं बोलणं आता पाठ झालंय. तू बीपीच्या गोळीचं विचारतेस, मी मुलांच्या खोकल्याचं विचारते, तेवढ्यात तुझ्या ऑफिसचा दुसरा फोन वाजतो. तुझा दोष नाही. हैदराबादेत दिवस असाच पळत असणार. पण मला जे सांगायचंय ते त्या तेवढ्या फटीतून जाईना, म्हणून आज उपासनेहून आले, कपभर चहा केला आणि कागद घेऊन बसले. गोष्ट सुरू होते एका कुस्तीपासून. हसू नकोस. तुझ्या आईने जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलं, कुस्तीशी तिचा काय संबंध, असंच तुला वाटणार. मलाही तसंच वाटत होतं.

गच्चीवरची खोली मी रामिरोला भाड्याने दिली तेव्हा तू रागावली होतीस. परका माणूस, परक्या देशाचा, आणि घरात तू एकटी, असं म्हणाली होतीस. तो मेक्सिकोचा. रांजणगावच्या एका कारखान्यात नवी यंत्रं बसवायला आला होता. आल्या दिवशी बिचारा जिन्यात वाकून उभा राहिला, मी आधी वर जावं म्हणून. ज्वारीची भाकरी त्याने पहिल्याच दिवशी हातात घेऊन तिचा वास घेतला आणि डोळे मिटले. त्यांच्याकडे मक्याची असते म्हणे, पातळ. ठेचा तर तो असा खायचा की मलाच घाम फुटायचा. मराठी शब्द त्याला फार आले नाहीत, पण ‘काकू’ आणि ‘अजून’ हे दोन तो अगदी शिरूरकरासारखे म्हणायचा. बाकी आमचं इंग्रजीवर भागायचं.

पावसाळा संपता संपता एका रविवारी तो खाली आला. दाढी वाढलेली, हातात लॅपटॉप. त्याची आजी वारली होती. सुट्टी मिळाली नव्हती, आणि मिळाली असती तरी पोहोचला नसता. म्हणाला, काकू, तुमच्या मोठ्या टीव्हीवर मला एक गोष्ट बघायची आहे, चालेल का? त्या वेळी महेंद्रकाकाही घरी होते. पप्पा गेल्यापासून मित्राच्या मैत्रीला जागून रविवारी ते दौंडहून एसटीने येतात, पाण्याची मोटर बघतात, बँकेचं काही असेल तर बघतात, जेवतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात, हे तुला माहीत आहे. तर ते हात पुसत आले आणि खुर्चीत बसले. मी पडदे ओढले. बाहेर लख्ख दुपार आणि आत पडद्यांतून गाळून आलेला मधासारखा उजेड.

टीव्हीवर आधी नुसता तपकिरी धूर दिसला. जुनं चित्रण, रंग विटलेले, मध्येच रेघा. मग त्या धुरातून दोरांनी वेढलेला चौकोनी मंच वर आला. भोवती माणसं खच्चून भरलेली, भैरोबाच्या जत्रेत आखाड्याभोवती बसतात तशी. आणि मंचावर चार पैलवान. त्यातल्या दोघांची तोंडं मुखवट्यात झाकलेली, डोळ्यांपुरती भोकं. एक वयस्क, थोडं पोट सुटलेला, मुखवटा राखेच्या रंगाचा. त्याच्या नावाचा अर्थ ‘धुकं’ असा रामिरोने सांगितला. दुसरा कोवळा, सडपातळ, निळ्या मुखवट्याचा. त्याचं नाव एका पक्ष्याचं होतं. महेंद्रकाका लगेच म्हणाले, “म्हंजी आपल्या घोडनदीवरचा खंड्या!” तेच नाव कायम झालं. समोरच्या दोघांना मुखवटे नव्हते. एकाचं डोकं तुळतुळीत, दुसऱ्याच्या केसांच्या जटा. ते टकल्या आणि झिपऱ्या झाले.

नियम सोपे आहेत. जोडीतला एक मंचावर लढतो, दुसरा दोराबाहेर कोपऱ्यात उभा राहतो. आतल्याचा दम संपला की त्याने कोपरा गाठायचा आणि बाहेरच्याच्या हाताला हात लावायचा, मग तो आत येतो. तीन डावांपैकी दोन जिंकेल ती जोडी जिंकली. पहिला डाव टकल्या-झिपऱ्याने लबाडीने घेतला. पंचाची पाठ फिरली की दोघं मिळून एकाला तुडवायचे. महेंद्रकाकांनी नाक मुरडलं. तू विसरली असशील, ते तरुणपणी रेल्वेकडून कुस्त्या मारायचे. म्हणाले, “वैनी, ही कुस्ती न्हाई. समदं ठरवून चाललंय. त्यो पडायच्या आधीच पडतोय बघा.”

मी ते रामिरोला सांगितलं. तो म्हणाला, हो, आमच्याकडे लहान मुलालाही ते माहीत असतं. माझ्या आजीलाही होतं. ती तरीही रडायची.

महेंद्रकाका खुर्चीतल्या खुर्चीत रामिरोकडे वळले. मग मला म्हणाले, “त्याला सांगा, माझा बाप भीमजलशात सावकाराचं काम करायचा. इनामगावात एकदा बायांनी त्याला शेणाचं गोळं मारलं. नाटक व्हतं ते त्यांना ठावं व्हतं की. बाप घरी येऊन आंघोळ करताना हसत व्हता. म्हनला, आज काम झकास झालं.” मी हे जमेल तसं इंग्रजीत केलं. रामिरो उठला आणि त्याने काकांचा हात हातात घेऊन दाबला. त्यानंतर तक्रार संपली. दोघं खुर्च्या पुढे ओढून बसले.

दुसरा डाव मला आजही डोळे मिटले की दिसतो. खंड्या दोरावर चढायचा, क्षणभर नुसता उभा राहायचा, आणि मग हवेत असायचा. जुन्या चित्रणामुळे त्याच्यामागे निळी रेघ राहायची, पाण्यावर राहते तशी. धुकं मात्र जमीन सोडायचा नाही. तो सावकाश चालायचा, टकल्याचं मनगट धरायचा आणि ते असं वळवायचा की एवढा धिप्पाड माणूस आपणहून गुडघ्यावर यायचा. महेंद्रकाका पुटपुटत होते, बघा वैनी, ताकद न्हाई लावली, त्याचीच त्याला लावली. तो डाव आपल्या जोडीने घेतला. आपल्या म्हणते आहे बघ मी!

तिसऱ्या डावात दोघांनी मिळून धुक्याचा पाय धरला. पिळला, आपटला. खंड्या कोपऱ्यातून हात लांबवून उभा, आणि धुकं कोपरांवर सरपटत त्याच्याकडे निघालेला. ते एवढंसं अंतर संपेचना. शेवटी बोटं बोटांना लागली. पण त्याच वेळी झिपऱ्याने पंचाशी भांडण उकरलं होतं, पंचाची पाठ होती, त्याने पाहिलंच नाही. आत आलेल्या खंड्याला त्याने पुन्हा बाहेर काढलं. महेंद्रकाका खुर्चीतून उठले. “आरं लागला हात! ए पंचा, लागला की रं हात!” रामिरो त्याच्या भाषेत तेच ओरडत होता. एकच तक्रार, दोन भाषा, आणि मध्ये मी. मला हसू यायला हवं होतं, पण मीही उठून उभी राहिले होते.

मग पंचाच्या डोळ्यांदेखत हात लागला एकदाचा. खंड्या सुटला. झिपऱ्याला त्याने मंचाबाहेर भिरकावलं, टकल्याला पाठीवर पाडलं आणि त्याचे खांदे दाबून धरले. पंच आडवा होऊन मोजू लागला. आणि तिकडे झिपऱ्या मागून चढला आणि त्याने थकून बसलेल्या धुक्याच्या मुखवट्याची नाडी सोडून मुखवटा ओढून काढला.

मर्सी, त्यांच्याकडे मुखवटा म्हणजे अब्रू. तो माणूस चेहरा कुणाला दाखवत नाही, मरेपर्यंत नाही. रामिरो म्हणाला, धुकं आजीच्याच गल्लीत राहायचा, केस कापायचं दुकान होतं त्याचं. साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. कुणी कधी बोललं नाही. तर तो पालथा पडला, तोंड दोन्ही कोपरांत दडवून, लहान मूल दडवतं तसा. खंड्याने मान वळवून ते पाहिलं. आणखी एक आकडा मोजला जायचा होता, जिंकलाच होता तो. त्याने टकल्याला सोडलं. धावत कोपऱ्यात गेला, तिथे त्याने येताना पांघरलेली निळी झूल पडली होती, ती त्याने धुक्याच्या डोक्यावरून टाकली आणि वर स्वतः ओणवा होऊन राहिला. टकल्याने येऊन त्याला तसाच मागून ओढला, पाडला, पंचाने मोजलं. संपलं. आपली जोडी हरली.

पण कुणी जागचं हललं नाही. झिपऱ्याच्या हातात तो राखी मुखवटा तसाच होता. त्याने सगळ्या लोकांकडे पाहिलं, मग तो खाली बसला, आणि झूल जराही न उचलता त्याने तो मुखवटा कडेने आत सरकवला. मग लोक उठले. आपल्याकडे पैलवानावर इनामाची उधळण होते तशी नाणी मंचावर पडू लागली. कॅमेरा एकदा गर्दीवरून फिरला, आणि रामिरोने चित्र थांबवलं. खुर्चीवर उभी राहिलेली एक बाई, जाड वेणी पुढे आलेली, दोन्ही तळवे गालांना लावलेले. त्याची आजी. शेजारी तिच्या पदराला, म्हणजे शालीला धरून सहा-सात वर्षांचा रामिरो.

महेंद्रकाका उठून मागच्या नळावर गेले आणि तोंड धुऊन आले. टॉवेल शोधत शोधत म्हणाले, “पुन्यांदा लावा म्हनावं.”

तिथून आमचे रविवार बदलले. उपासना झाली की मी रश्शाला फोडणी द्यायची, काकांची एसटी यायची, रामिरो खाली यायचा, जेवणं व्हायची आणि मग पडदे ओढून तीच कुस्ती. दर वेळी काहीतरी नवं दिसायचं. एकदा मला दिसलं की टकल्या खंड्याला पाडताना त्याच्या मानेखाली हात घालतो, त्याला लागू नये म्हणून. एकदा काकांना दिसलं की हात लांबवून उभा असताना खंड्याच्या तोंडाला कोरड पडली आहे, तो सारखा ओठ चाटतोय. मला कधीकधी झोप लागायची. डोळा उघडला की तोच तपकिरी धूर, तीच निळी रेघ, आणि त्या उजेडात दोन माणसं गप्प बसलेली. कुठल्या देशात आहोत, कुठलं साल आहे, काही कळायचं नाही. एवढं बरं मला पप्पा गेल्यापासून वाटलं नव्हतं. हे लिहिताना हात थांबला, पण लिहिते.

डिसेंबरात काका पडले. तुला मी फोनवर ‘जरा लागलंय’ एवढंच सांगितलं होतं. टकल्याच्या पकडीतून सुटायचा मार्ग आहे, दाखवतो, म्हणून ते अंगणात गादी टाकून रामिरोला घेऊन उतरले. या वयात! रामिरोने हळूच धरलं होतं, पण काका वळले आणि खांद्यावर आले. खांदा निखळला. डॉक्टरांनी तो बसवून हात गळ्यात बांधला आणि एसटीचे धक्के नकोत म्हणून बजावलं. मग ते पप्पांच्या खोलीत राहिले. त्यांना सदऱ्याची बटणं लावता येत नव्हती. मी लावायची तेव्हा ते आढ्याकडे बघत उभे राहायचे. एका दुपारी कळ एवढी आली की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या सरूबाई विचारपूस करायला दारात. मी खोलीचं दार लोटून घेतलं आणि म्हटलं, झोपलेत. सरूबाई म्हणाल्या, “झोपू द्या. पाव्हनं ऱ्हायलं तरी आमाला काय अडचन न्हाई,” आणि दुधाचं पातेलं ठेवून गेल्या. त्यातला अर्थ मला संध्याकाळी कळला.

गौतमी, त्यांची मुलगी, कुरकुंभहून पहिल्या शिफ्टची सुटली की गाडी काढून यायची. पहिल्या दिवशी आल्या आल्या बापावर ओरडली, मग काकांचं जेवण होईपर्यंत समोर बसली. निघताना स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, “मावशी, आई गेल्यापासून आप्पा असं पोटभर जेवताना मी बघितलं नव्हतं.” मी उगाच भांडी विसळत राहिले.

रामिरोचं काम संपत आलं तेव्हा त्याला कुठेतरी न्यायचं म्हणून आम्ही इनामगावला गेलो. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे माणसं राहत होती, घोडनदीच्या काठी. बघायला फारसं काही नाही. ऊस, बाभळी, उन्हात पडलेली पांढरट माती. रामिरो फोटो काढत खाली पाण्यापर्यंत गेला. आम्ही काठावर बसलो. नदी इतकी संथ होती की पलीकडची बाभूळ पाण्यात जास्त स्पष्ट दिसत होती. काका म्हणाले, “ग्लॅडिसबाई.” इतक्या वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारली नव्हती. म्हणाले, “मी रविवारी येतो. ते झाक हाय. पन बाकीच्या दिवसांचं काय करायचं ओ?”

मी पदरावरची माती झटकत राहिले. ते म्हणाले, “घाई न्हाई.” आणि तोंड फिरवून नदीकडे बघत राहिले. परतताना गाडीत रामिरो त्याच्या भाषेतलं काहीतरी गुणगुणत होता, आणि मी खिडकीबाहेर बघत होते, पण एकही गाव दिसलं नाही मला.

मी पप्पांना विचारलं, मर्सी. कबरीवर फुलं ठेवून खरोखर मोठ्याने विचारलं. उत्तर आलं नाही. त्यांना आवडलं असतं असं तुला सांगितलं तर ते सोयीचं होईल, म्हणून सांगत नाही. त्यांच्या जिवलग मित्राविषयी आहे हे, कदाचित दुखलंही असतं. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये समोरासमोर संसार केले आम्ही दोन्ही घरांनी. काकांच्या सीमाताई आजारी होत्या तेव्हा पप्पाच रात्रंदिवस धावले. त्या दिवसांत माझ्या मनात यातलं काहीही नव्हतं. हे तुला शपथेवर सांगते, कारण कुणीतरी तुला विचारेल, आणि तुलाही वाटेल.

जानेवारीत रामिरो गेला. ती कुस्ती माझ्या टीव्हीला लावून देऊन गेला. पुढच्या रविवारी काका आले. खांदा बरा झाला होता, हात मोकळा होता. जेवणं झाली. मी पडदे ओढायला उठले आणि तिथेच थांबले. ते म्हणाले, “आज नगं लावायला?” मी म्हटलं, “लावू. पण आधी तुमच्या प्रश्नाचं सांगते.” आणि सांगितलं. त्यांनी मान हलवली, एकदा, दोनदा, हलवतच राहिले. मग चष्मा काढून पुसला. मी पडदे न ओढताच टीव्ही लावला. उजेडात फारसं दिसत नव्हतं, पण आम्हाला पाठच होतं सगळं.

तू मला दर महिन्याला म्हणतेस की घर विकून हैदराबादला ये. मी आले होते, दोन महिने राहिलेही. तुझं घर छान आहे. पण मी तिथे तुझी काळजी होते, आणि इथे मी माणूस आहे. तर ऐक. महेंद्र आणि मी नोंदणी पद्धतीने लग्न करतो आहोत. पुण्याच्या कार्यालयात पुढच्या सोमवारी नोटीस द्यायची आहे, आणि त्याआधी तुला माझ्या अक्षरात कळावं, म्हणून हे पत्र. मी उपासनेला जात राहीन, ते विहारात जात राहतील. पाळकांना सांगितलं. त्यांनी दोनदा ‘नक्की ना?’ असं विचारलं, मग माझ्यासाठी प्रार्थना केली. तारीख मुलांच्या परीक्षा संपल्यावरची घेऊ. कायद्याला तीन साक्षीदार लागतात. एक गौतमी. दुसऱ्या सरूबाई, त्या न विचारता तयार झाल्या आणि नवं लुगडंसुद्धा काढून ठेवलंय. तिसऱ्या सहीसाठी मी अजून कुणालाही विचारलेलं नाही. राग आला तर रागावून ये, रडू आलं तर इथे येऊन रड. गाडी कुठली ते कळव. नाही कळवलंस तरी लग्नाच्या आदल्या दिवशी हैदराबादची गाडी दौंडला लागेल तेव्हा आम्ही दोघं फलाटावर उभे असू.

सगळ्यांच्या आधी तुझीच,
आई